स्कोल्स निवृत्त झाल्यावरच इतका मोठा कसा झाला?

उशिरा आलेला

मामेभावाशी दोन आठवडे वाद चाललाय. आता घरचे आम्हाला एका खोलीत बसू देत नाहीत, म्हणून इथे विचारतो.

मी फुटबॉल बघायला लागलो २०११-१२ च्या मोसमात. मँचेस्टर युनायटेडचा मिडफिल्डर पॉल स्कोल्स याला पहिल्यांदा पाहिलं ते ८ जानेवारी २०१२ ला, मँचेस्टर सिटीविरुद्धच्या एफए कपच्या सामन्यात. निवृत्ती मागे घेऊन आलेला, पाठीवर २२ नंबर, कारण १८ नंबर तोवर दुसऱ्याला देऊन झाला होता. दुसऱ्या हाफमध्ये उतरला, थोड्याच वेळात चेंडू सिटीच्या पायात देऊन बसला आणि त्यातून अगुएरोने गोल केला. युनायटेड ३-२ ने जिंकली म्हणून निभावलं. माझ्यासाठी स्कोल्स म्हणजे तो पास.

मामेभाऊ म्हणतो, लिव्हरपूलचा जेरार्ड आणि चेल्सीचा लॅम्पार्ड दोघांना एका पारड्यात घाल, तरी स्कोल्स जड. गंमत म्हणजे हाच मामेभाऊ (वयाने माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा) तेव्हा रूनी-रोनाल्डोपलीकडे कोणाचं नाव घेत नसे. स्कोल्स खेळायचा थांबल्यापासून दरवर्षी याच्या तोंडी दोन इंच उंच होतोय.

तर खरं सांगा, निवृत्त मिडफिल्डरचं मोठेपण तुम्ही कशावरून ठरवता? स्ट्रायकरचे गोल मोजता येतात, गोलकीपरने खाल्लेले मोजता येतात. मधल्या माणसाचं काय मोजायचं?

पक्का लाल

११ लीग विजेतेपदं. २ चॅम्पियन्स लीग, त्यातल्या १९९९ च्या फायनलला निलंबनामुळे बाहेर होता हे मान्य, पण २००८ ला खेळला. ७१८ सामने, १५५ गोल, सगळे एकाच क्लबसाठी. बार्सिलोनाच्या झावीने २०११ मध्ये सांगितलं की गेल्या पंधरा-वीस वर्षांत पाहिलेला सर्वांत चांगला मिडफिल्डर हाच. झावी म्हणतोय, तुमचा मामेभाऊ नाही. विषय बंद.

कोपऱ्यातली सीट

विषय बंद कसला, आत्ता कुठे उघडलाय.

आधीच सांगतो, मी लिव्हरपूलवाला. त्यामुळे माझ्या बोलण्यातून चिमूटभर मीठ वजा करा. १९९८ पासून बघतोय, आणि त्यातली निदान दहा वर्षं स्कोल्सचं नाव काढलं की मी एकच वाक्य फेकायचो: "त्याला टॅकल करता येत नाही." ते खोटंही नव्हतं. १९९९ मध्ये स्वीडनविरुद्ध वेम्बलीवर लाल कार्ड, इंग्लंडचा घरच्या मैदानावर बाहेर काढला गेलेला पहिला खेळाडू. २०११ च्या एफए कप सेमीफायनलला सिटीच्या झाबालेटाच्या मांडीवर बूट, पुन्हा लाल. २००८ च्या सुपर कपमध्ये तर पठ्ठ्याने हाताने गोल ढकलला आणि दुसरं पिवळं घेतलं. एवढ्या क्लिपा लावल्या की कोणाचंही मत होईल, हा गडी रागीट आणि उशिरा पोचणारा. झालं, ठरला.

पण 'पक्का लाल', तुमचा मुद्दाही तसाच क्लिपांचा आहे, फक्त उलट बाजूने. कौतुकाच्या क्लिपा. झावी बोलला हे खरं. पण इंग्लंडमध्ये वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडायला खुद्द खेळाडूच मतं देतात, आणि त्यांनी स्कोल्सला तो पुरस्कार एकदाही दिला नाही. २००० मध्ये त्याच्याच क्लबच्या कीनला दिला, २००९ मध्ये त्याच क्लबच्या गिग्सला दिला, मध्ये २००६ मध्ये जेरार्डला. ड्रेसिंग रूममधल्या लोकांना आधीपासून कळत होतं असं म्हणावं, तर मग मतपत्रिका हातात असताना कुठे गेलं होतं ते कळणं? निवृत्त माणसाचं कौतुक फुकट असतं. तो पुढच्या शनिवारी तुमच्याविरुद्ध खेळणार नसतो.

एवढं भांडून झाल्यावर आता खरं मत. माझ्या हिशोबाने स्कोल्स नावाचे दोन खेळाडू होऊन गेले, आणि तुम्ही दोघे भाऊ वेगवेगळ्या स्कोल्सबद्दल भांडताय.

पहिला २००३-०४ पर्यंतचा. हा जवळजवळ फॉरवर्डच. मागून धावत येऊन बॉक्समध्ये अचानक उगवायचा. २००२-०३ मध्ये स्ट्रायकर व्हॅन निस्टलरॉयच्या मागे खेळून सगळ्या स्पर्धा मिळून २० गोल केले. तुम्ही ब्रॅडफर्डविरुद्धची ती व्हॉली पाहिली असेल, कॉर्नर बेकहमचा, चेंडू हवेतून थेट बुटावर. तो हा.

मग २००५-०६ मध्ये त्याच्या नजरेचा त्रास सुरू झाला, धूसर दिसायला लागलं, अर्धा मोसम गेला. परत आला तो दुसरा. हळूहळू मागे सरकत बचावफळीच्या पुढ्यात उभा राहून खेळ चालवणारा. धावणं कमी, मान वळवणं जास्त. गोल आटले. तुमचा २०१२ चा स्कोल्स म्हणजे या दुसऱ्याचंही शेपूट.

आता लोक काय करतात बघा. पहिल्याचे गोल घेतात, दुसऱ्याचे लांब पास घेतात, दोन्ही एका माणसाला चिकटवतात. मोसमाला वीस गोल करणारा आणि वर पूर्ण सामन्याचा लगाम हातात ठेवणारा असा एक तिसरा स्कोल्स तयार होतो. तो एक दिवसही खेळलेला नाही. वादात जेरार्ड-लॅम्पार्डला हरवतो तो हा तिसरा. त्याला कोण हरवणार, सांगा ना! लॅम्पार्ड बिचारा एकटा, चेल्सीसाठी २११ गोल घेऊन उभा.

सहा नंबर

वरचं आवडलं. फक्त एक. स्कोल्सच्या नावाने भांडण तरी होतं, युनायटेडच्याच मिडफिल्डर कॅरिकच्या नावाने कोणी साधा आवाज चढवत नाही. युनायटेडसाठी ४६४ सामने, ५ लीग, आणि इंग्लंडकडून फक्त ३४. त्याने गोलही फारसे केले नाहीत आणि लाल कार्डंही फारशी घेतली नाहीत, म्हणजे क्लिप कापणाऱ्याला दोन्हीकडून काही मिळत नाही.

बचावात्मक मिडफिल्डर मॅकेलेलेचं बरं झालं. २००३ मध्ये रेआल माद्रिदने सोडला, त्याच उन्हाळ्यात बेकहमला आणलं, आणि पुढची लीग जिंकायला २००७ उजाडलं. चेल्सीने त्याला घेऊन २००४-०५ च्या लीगमध्ये ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले. त्याचं मोठेपण त्याच्या जाण्याने दिसलं. कॅरिकला तेवढंही नशीब नाही.

उशिरा आलेला

दोन स्कोल्सचं पटलं. पण मामेभावाचा हुकमी एक्का राहिला: "इंग्लंडने स्कोल्सला डावीकडे ढकलून वाया घालवला, जेरार्ड-लॅम्पार्डची सोय करायला." यावर मला कधीच उत्तर सुचत नाही.

कोपऱ्यातली सीट

या एक्क्याला मीही बरीच वर्षं घाबरत होतो. मग तारखा मांडल्या.

२००४ च्या युरोत इंग्लंडचा प्रशिक्षक एरिक्सनने त्याला डावीकडे लावलं, बरोबर. ऑगस्ट २००४ मध्ये त्याने इंग्लंडकडून खेळणं थांबवलं, ६६ सामने, १४ गोल. आता त्या युरोत डावीकडे गेलेला स्कोल्स कुठला? पहिला. गोल करणारा. आणि तो इंग्लंडसाठी गोल करत नव्हता. क्रोएशियाविरुद्ध त्याने जो केला, तो तीन वर्षांतला त्याचा इंग्लंडसाठीचा पहिला गोल होता. ज्या स्कोल्सला मध्ये बसवून सगळा खेळ त्याच्या हाती द्यायला हवा होता असं लोक आज म्हणतात, तो दुसरा, तो तेव्हा जन्मालाच आला नव्हता. २००४ च्या प्रशिक्षकाने २००७ चा खेळाडू कुठून आणायचा?

आणि बाजूला ढकललं म्हणजे वाया घालवलं, हे गणितही आपोआप बसत नाही. आमचा प्रशिक्षक बेनिटेझने २००५-०६ मध्ये जेरार्डला बऱ्याचदा उजवीकडे लावला. आम्ही इकडे बोटं मोडत होतो. त्या मोसमात त्याने २३ गोल केले, वर एफए कपच्या फायनलला वेस्ट हॅमविरुद्ध शेवटच्या क्षणी तो लांबून मारलेला गोल, आणि खेळाडूंच्या मतांचा तो पुरस्कारही त्याच वर्षी.

पक्का लाल

मग इंग्लंडचा प्रशिक्षक कॅपेलो २०१० च्या वर्ल्ड कपसाठी विनवायला कशाला गेला होता? तेव्हा तर तुमचा तो "दुसरा" होता ना?

कोपऱ्यातली सीट

हो. इथे मी गप्प. कॅपेलोने विचारलं तेव्हा दुसरा स्कोल्स पुरता तयार होता, आणि तो नाही म्हणाला. मग त्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंड जर्मनीविरुद्ध ४-१ ने हरलं, आणि त्या सामन्यात डावीकडे कोणाला ढकललं होतं माहितीये? जेरार्डला. (लॅम्पार्डचा रेषेपलीकडे पडलेला चेंडू पंचांना दिसला नाही, तो वेगळा घाव.) त्या दिवशी मध्ये स्कोल्स असता तर काय झालं असतं, याचा विचार मी लिव्हरपूलवाला असूनही करतो. पण मग वाया कोणी घालवला? तो स्वतःच घरी बसला. हे वाक्य मामेभावाला हळू आवाजात सांगा.

क्लिपांवरून आठवलं. माझी जखम २७ एप्रिल २०१४ ची. चेल्सीविरुद्ध पहिला हाफ संपता संपता जेरार्डचा पाय सरकला, डेम्बा बा एकटा पळाला, गोल. आजही कोणत्याही वादात समोरचा थकला की ते सरकणं काढतो. त्या मोसमात आमच्या बचावाने लीगमध्ये ५० गोल खाल्ले. पन्नास! पुढच्या आठवड्यात क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ३-० ची आघाडी असताना ३-३ केलं. सिटीने लीग घेतली दोन गुणांनी. पण ५० गोलांची क्लिप बनत नाही, सरकलेल्या पायाची बनते. म्हणून स्कोल्सच्या त्या २०१२ च्या पासवरून त्याला तोलणाऱ्या माणसाशी मी फार जोरात भांडूही शकत नाही, आणि त्याचं ऐकूही शकत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर म्हणून एक उद्योग सांगतो, मी तो केलाय. एक जुना सामना पूर्ण बघा, ठळक क्षण नव्हेत, आणि चेंडूकडे बघू नका. फक्त त्या एका माणसाकडे बघा. मी २००८ ची सेमीफायनल घेतली, २९ एप्रिल, ओल्ड ट्रॅफर्ड, बार्सिलोनाविरुद्ध. १४व्या मिनिटाला झाम्ब्रोटाचा फसलेला चेंडू आणि स्कोल्सचा लांबून गोल, १-० आणि तेवढ्यावर फायनल. त्या सामन्यातलं सगळ्यांना एवढंच आठवतं. मी वही घेऊन बसलो, त्याने मान वळवली की एक रेघ. वीस मिनिटांत रेघा मारून हात दुखला, सोडून दिलं. चेंडू त्याच्याकडे येण्याआधी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग चेंडू आला की पुढच्या माणसाला पाच यार्डांवर दिला आणि पुन्हा मान वळवायला मोकळा. कंटाळवाणं काम. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे निम्मा वेळ तो पडद्यावरच नसतो, आणि माझ्या मते हाच खरा घोळ. मिडफिल्डरचं जे मोठं काम ते चेंडू येण्याआधीचं, आणि तेव्हा आपण दुसरीकडे बघत असतो.

जेरार्डवर मी हा उद्योग करून बघितलेला नाही. भीती वाटते, खरं सांगतो.

उशिरा आलेला

काल रात्री तोच सामना लावला, मामेभावाला शेजारी बसवून. गोल होईपर्यंत दोघेही शिस्तीत त्याच्याकडे बघत होतो. गोल झाला आणि मामेभाऊ मेस्सीकडे बघायला लागला तो शेवटपर्यंत. "बघितलास ना स्कोल्स?" असं वर विचारतोय.

माझ्या वहीत २३ रेघा आहेत. पुढचा सामना जेरार्डचा लावू का? 'कोपऱ्यातली सीट', तुमच्या वतीने मी बघतो, तुम्हाला काय झालं ते कळवीन.

कोपऱ्यातली सीट

बघा. पण चेल्सीविरुद्धचा नको.