मदत हवी आहे: हार्डडिस्कमध्ये भरपूर जागा आहे, तरी आउटलुकची फाइल जात नाही

जमाखर्च
शनिवारी ऑफिसचा कॉम्प्युटर फॉरमॅटला द्यायचाय. त्याआधी सगळं पोर्टेबल हार्डडिस्कवर घ्यायचंय. बाकीचे फोल्डर जातायत, पण आउटलुकची (ईमेलची) फाइल टाकली की जागा नाही म्हणतो. डिस्क १ टीबीची, अर्ध्याहून जास्त रिकामी आहे! डिस्क बाद झाली का? नवी आणू का? कृपया लवकर सांगा.

चौकस
विंडोज कुठलं? फाइल किती जीबीची? मेसेज जसाच्या तसा लिहा. आणि 'धिस पीसी'मध्ये डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे 'फाइल सिस्टीम'पुढे (म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) काय लिहिलंय ते सांगा. त्याशिवाय नवी डिस्क आणण्यात अर्थ नाही.

वायरमन
आधी पोर्ट बघा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावली असेल तर काढा. अडीच इंची डिस्क फिरायला लागताना जास्त करंट ओढते. यूएसबी २चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरसाठी असतो, यूएसबी ३चा ९००साठी. मागच्या निळ्या पोर्टला थेट लावा, मध्ये एक्स्टेन्शन केबल नको. करंट कमी पडला की टकटक आवाज येतो आणि डिस्क मधूनच गायब होते.

पानसुपारी
हार्डडिस्कच्या भानगडीत पडूच नका. सगळं क्लाउडवर टाका, कुठूनही उघडता येतं.

चौकस
@पानसुपारी, शनिवार तोंडावर आलाय. २० एमबीपीएस अपलोड आणि समजा २०० जीबी डेटा धरला तर सलग २२ तास लागतील, तेही वेग टिकला तर. आणि त्यांनी ते विचारलेलं नाही.

जमाखर्च
विंडोज १०. फाइल १४ जीबी. फाइल सिस्टीमपुढे फॅट३२ आहे. मेसेज 'फाइल इज टू लार्ज फॉर द डेस्टिनेशन फाइल सिस्टीम' असा आहे. टकटक आवाज नाही. डिस्क भावाची आहे, गाडीच्या स्टिरिओला लावायचा.

चौकस
मग डिस्क बाद नाही. स्टिरिओला चालावी म्हणून कुणीतरी ती फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेली असणार. फॅट३२मध्ये फाइलचा आकार ३२ बिटांत नोंदवला जातो, म्हणून एका फाइलची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. डिस्क पूर्ण रिकामी असली तरी १४ जीबीची पीएसटी (तुमची आउटलुकची फाइल) त्यात मावणार नाही.

कोकणकडा
एक्सफॅटमध्ये (मोठ्या फाइली घेणारी दुसरी फाइल सिस्टीम) फॉरमॅट मारा, दोन मिनिटांचं काम. विंडोज, मॅक दोन्हीकडे चालते.

चौकस
थांबा! आत्ता काहीही फॉरमॅट करू नका. @जमाखर्च, डिस्कवर गेलेले फोल्डर कॉपी केलेत की कट?

जमाखर्च
टॅलीचा डेटा आणि स्कॅन केलेली बिलं कट केली, सी ड्राइव्ह भरला होता. टॅली ३ जीबी, स्कॅन ४० जीबी. घरी मॅकबुक आहे, तिथेही उघडायला हवं हे सांगायचं राहिलं.

चौकस
म्हणजे त्या ४३ जीबीची जगात एकच प्रत आहे, आणि ती याच डिस्कवर. फॉरमॅट मारलं असतं तर गेली असती. आधी ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह आणून त्यावर दोन्ही फोल्डर *कॉपी* करा.

मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. पहिल्यांदा 'चेकडिस्क' कमांड एफ स्विचसह (शेवटी स्लॅश एफ जोडून) चालवा, फाइल सिस्टीममधल्या चुका दुरुस्त होतील. त्यानंतर 'कन्व्हर्ट', डिस्कचं अक्षर व कोलन, मग स्लॅश एफएस कोलन एनटीएफएस. याने डिस्क फॅट३२ची एनटीएफएस होते, विंडोजची ही फाइल सिस्टीम मोठ्या फाइलीही घेते. डिस्कचं नाव विचारेल ते अचूक टाका. आतलं सगळं जागेवर राहतं. ही सोय फक्त एनटीएफएससाठी आहे. एक्सफॅट हवी तर फॉरमॅटशिवाय मार्ग नाही.

कोकणकडा
पण मॅकवर एनटीएफएस नीट चालत नाही.

चौकस
वाचता येते, लिहिता येत नाही. बॅकअप घरी नुसता उघडायचा असेल तर तेवढं पुरतं. उलट एक्सफॅटमध्ये जर्नल (बदल करण्याआधी ठेवलेली त्याची नोंद) नसतं, लिहिताना केबल निघाली तर फोल्डरच्या नोंदी बिघडण्याचा धोका जास्त. शिवाय एवढ्या डिस्कवर विंडोज एक्सफॅटचा क्लस्टर (फाइलीला मिळणारा जागेचा सर्वात लहान तुकडा) १२८ केबीचा धरतं. २-४ केबीच्या एक लाख फाइली असल्या तर त्याच १२ जीबी खातील. एनटीएफएसमध्ये क्लस्टर ४ केबीचा.

कोकणकडा
घरी मॅकवरून बिलं त्याच डिस्कवर टाकायची असतील तर? तेव्हा एक्सफॅटच लागेल. माझं मत कायम.

चौकस
तसं असेल तर मान्य. पण मग ती रोजच्या वापराची डिस्क झाली, बॅकअपची वेगळी ठेवा.

हिशेबनीस
टॅलीबद्दल एक. टॅली चालू असताना डेटा फोल्डर कॉपी करू नका, अर्धवट प्रत मिळू शकते. कंपनी बंद करून मग कॉपी करा, किंवा टॅली प्राइममध्ये ऑल्ट + वाय दाबून बॅकअप घ्या. आउटलुकचंही तेच, ते उघडं असेल तर पीएसटी लॉक असते. खाली घड्याळाशेजारी आयकॉन उरलाय का तेही बघा.

चौकस
+१. मोठे फोल्डर ओढून टाकण्यापेक्षा रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपीची कमांड) वापरा. 'ई' स्विचने रिकाम्यांसह सगळे उपफोल्डर येतात. 'आर' २ आणि 'डब्ल्यू' ५ नक्की द्या, कारण मुळात तो एका अडलेल्या फाइलसाठी दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करतो. रात्रभर तिथेच उभा राहील. 'एमआयआर' देऊ नका, मूळ जागी नसलेलं तो डिस्कवरूनही पुसतो. तुम्ही फोल्डर कट केलेत, त्यामुळे तुमच्याकडे तर हमखास घात होईल.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या प्रॉपर्टीजमधली फाइलसंख्या आणि 'साइज' जुळवा. 'साइज ऑन डिस्क' जुळणार नाही, ते क्लस्टरवर ठरतं. पीएसटीसाठी विंडोजच्या 'सर्टयुटिल' कमांडने दोन्ही प्रतींचा शा२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढा. शेवटचं अक्षरही जुळलं पाहिजे.

पानसुपारी
एसएसडी घ्यावी का मग? पडली तरी चालते म्हणतात.

वायरमन
वेगळा धागा काढा, इथे नको.

जमाखर्च
पेन ड्राइव्हवर प्रत घेतली, कन्व्हर्ट झालं, पीएसटी जातेय! पण वेग सेकंदाला ३२ एमबी दाखवतोय. बरोबर आहे का?

वायरमन
तो यूएसबी २चा वेग आहे, पुढच्याच पोर्टला लावलीय तुम्ही. ही फाइल पुरी होऊ द्या, साधारण साडेसात मिनिटं लागतील. मग इजेक्ट करून मागच्या निळ्या पोर्टला लावा. अशी डिस्क तिथे शंभरच्या आसपास द्यायला हवी. देत नसेल तर केबल बदलून बघा.