मदत हवी आहे : टाळूच्या शस्त्रक्रियेनंतरही राहिलेला अनुनासिक उच्चार

साक्री तालुक्यात राहणारी माझी सतरा वर्षांची भाची बारावीत शिकते. दुभंगलेल्या ओठाची व टाळूची शस्त्रक्रिया तिच्या लहानपणीच झाली. ओठावरच्या व्रणाची तिला फारशी खंत नाही. अडचण उच्चारांची आहे. बोलताना हवा नाकातून निसटत असल्याने ‘प’, ‘ट’, ‘क’ ही व्यंजने अस्पष्ट येतात. घरी ती अहिराणीत मोकळेपणाने बोलते, मात्र वर्गात तोंडी परीक्षेलाही गप्प राहते, आणि माझ्या मते खरे नुकसान तिथेच होते आहे.

तिची श्रवणक्षमता तपासली असून ती चांगली आहे. टाळूला छिद्र राहिलेले नाही. फुगे फुगवण्याचे व्यायाम बरेच करून झाले, परंतु नुसत्या फुंकण्याने उच्चार सुधारत नाहीत, असे वाचोपचारतज्ज्ञांनी सांगितले. मऊ टाळू घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचत नसल्यास पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, आणि ते ठरवण्यासाठी ती बोलत असताना नाकातून दुर्बीण घालून तपासणी करावी लागेल, असेही ते म्हणाले. दर आठवड्याला मुंबईस जाणे शक्य नाही. एखाद्या वेळी जाता येईल.

ही तपासणी धुळे, जळगाव किंवा नाशिक येथे कोठे होते? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मर्यादा अठरा वर्षांची असल्याने, त्याआधी जिल्हा रुग्णालयात नोंद केली तर पुढील शस्त्रक्रियेचा खर्च त्यातून मिळतो का, आणि त्यासाठी जुन्या शस्त्रक्रियेची कोणती कागदपत्रे लागतात?