धडधड, छातीत दडपण, मळमळ: ‘टेन्शन’ म्हणून मोकळं व्हायचं का?

उंबरठा:
तिन्ही एकदम झालं की घरच्या घरी दोनच निदानं होतात. वयस्कर असेल तर ‘पित्त’, तरुण असेल तर ‘टेन्शन’. माझ्या मते हे शिक्के सगळ्यात शेवटी मारावेत. आधी ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर. रक्त कमी असलं, थायरॉईड वाढलेलं असलं, पोटॅशियम घसरलं, तरी धडधड होतेच.

रातकिडा:
अजिबात पटलं नाही. पॅनिक अटॅकमध्ये नेमकं हेच होतं. बहुतेकदा १० मिनिटांत कळस गाठून ओसरायला लागतं. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना मुंग्या, चक्कर. अशा माणसाला दर वेळी ईसीजीला पळवलंत तर त्याची भीती पक्की होते.

उंबरठा:
दर वेळी कोण म्हणालं? पहिल्या वेळी म्हणतोय.

अर्धविराम:
ईसीजीवर दोघांचाही फार विश्वास दिसतोय. हार्ट अटॅक आला असतानाही पहिला ईसीजी साफ निघू शकतो, म्हणून तर ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) काही तासांनी पुन्हा बघतात. दुसरीकडे, एसव्हीटीमध्ये, म्हणजे हृदयाच्या विद्युत-यंत्रणेतल्या गडबडीने होणाऱ्या धडधडीत, ठोके बटण दाबल्यासारखे एकदम १५० च्या वर जातात आणि तसेच एकदम खाली येतात. डॉक्टरकडे पोचेपर्यंत सगळं शांत, कागदावर काहीच नाही. तिथे २४ तासांचा होल्टर (अंगावर बांधून ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र) लावावा लागतो, त्यातही कधी सापडत नाही. असे पेशंट ‘टेन्शन घेऊ नका’ ऐकून घरी परततात, त्यात बायका जास्त.

कडूकारले:
पित्ताला एवढं हसू नका. जेवून आडवं झालं की छातीत जळजळ, तोंडात आंबट पाणी, हे काय हृदयाचं लक्षण? अँटासिड घ्यायचं, बरं वाटतं, विषय संपला.

अर्धविराम:
नाही संपत. अँटासिडने बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे असं ठरत नाही. मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायकांमध्ये अटॅक नुसती मळमळ, घाम, दम, जबडादुखी असाही येतो.

रातकिडा:
हे वाचूनच निम्म्यांना धडधडायला लागेल. सर्दीच्या गोळीत ठोके वाढवू शकणारं स्यूडोएफेड्रिन होतं का, दम्याचा पंप किती वेळा घेतला, कॉफी किती झाली, हे फुकटचे प्रश्न आधी विचारा की!

उंबरठा:
विचारा, जरूर विचारा. पण दडपण काही मिनिटांत जात नसेल, घाम, दम, हात किंवा जबड्यात कळ किंवा भोवळ असेल, तर प्रश्नोत्तरं नकोत. रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

रातकिडा:
त्यावर वाद नाहीच. माझं भांडण तीन रिपोर्ट साफ आल्यावर चौथा काढणाऱ्यांशी आहे. समुपदेशकाचं नाव काढलं की म्हणतात, ‘म्हणजे मी नाटक करतोय?’

कडूकारले:
मग किती साफ रिपोर्टनंतर थांबायचं, तेवढं सांगा.

अर्धविराम:
आकडा कशाला? त्रासाचं रूप बदललं, श्रम करताना व्हायला लागला किंवा शुद्ध हरपली, तर पुन्हा तपासा. तसाच्या तसा येत असेल तर समुपदेशकाकडे जा. आणि हो, होल्टर लावलेला असताना नेमका त्रास झाला होता का, हे आधी बघा.