तणांना वर नेतो तो रस्ता

‘तापमानवाढीने थंडी कमी झाली की परकी तणं आपोआप डोंगर चढणार’ असं म्हणतात, पण ते मला अर्धंच पटतं. उत्तराखंडचं बघा. आपली घाणेरी (टणटणी) 19व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बागेत आली, आज ती हिमालयाच्या खालच्या उतारांवर माजली आहे. तिचं वरचं कुंपण म्हणजे गोठलेलं दंव, त्यात कोवळे शेंडे करपतात. अशा रात्री कमी झाल्या की कुंपण वर सरकतं, इथवर ठीक.

पण बी वर नेतं कोण? मूळचा मेक्सिकोचा कालाबांसा (हेही असंच माजणारं तण) रस्त्याच्या कापलेल्या ओलसर कडेवर आधी दिसतो, जंगलात नंतर. त्याचं बी बारीक, केसाळ, वाऱ्यावर उडणारं. टायरचा चिखल आणि भरावाची माती आहेतच मदतीला. जगभरच्या बहुतेक डोंगरांत परक्या वनस्पती पायथ्याशी येऊन रस्त्याने वर जातात. म्हणून वर पोचतात त्या सहसा खाली-वर कुठेही तगणाऱ्या काटक जाती, खास थंडीतल्या नव्हेत.

अपवाद दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांचा. तिथे इंग्रजांनी गॉर्स आणि स्कॉच ब्रूम ही युरोपातली झुडपं थेट माथ्यावरच लावली. त्यांना वर पोचायला तापमानवाढीची गरजच पडली नाही! त्यामुळे थंड हवेच्या ठिकाणी रिसॉर्टवाले बागेत काय लावतात, यावर आधी नजर हवी असं माझं मत. तिकडे कुणी फारसं बघत नाही.