वडील घराबाहेर पडेनासे झाले आहेत. वय म्हणून सोडून द्यावे का?

शेवंती:
माझे वडील ७६ वर्षांचे असून सांगलीतील एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यानंतर, म्हणजे दीड वर्षापूर्वी, आम्ही त्यांना पुण्याला आमच्याकडे आणले. मधुमेह नाही, रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. तरीही गेल्या सहा महिन्यांत त्यांनी सकाळचे फिरणे आणि सोसायटीच्या कट्ट्यावर बसणे सोडून दिले असून जेवतानाही ते मान खाली घालून जेवतात व उठून जातात. टीव्हीचा आवाज मात्र इतका मोठा असतो की शेजाऱ्यांची तक्रार आली. त्यांना दगदग नको म्हणून भाजी आणण्यापासून वीजबिल भरण्यापर्यंत सर्व आम्हीच करतो. विचारले की 'आता वय झाले' एवढेच म्हणतात. खरोखरच हे वयाचे असते का?

रानवारा:
तुम्ही टीव्हीबद्दल लिहिलेले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. माझ्या सासूबाईंनी भजनी मंडळ सोडले तेव्हा आम्ही ती विरक्ती समजलो; प्रत्यक्षात त्यांना समोरच्याचे अर्धेच शब्द कळत होते आणि पुन्हा पुन्हा विचारण्याची लाज वाटत होती. आधी डॉक्टरांकडून कानात मळ आहे का ते पाहून घ्या आणि मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. उतारवयात प्रथम उच्च पट्टीचे आवाज जातात, त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. आवाज येतो पण शब्द उमगत नाही, आणि म्हणूनच नुसते ओरडून बोलण्याचा फारसा उपयोग होत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे १४ बदलता येण्याजोगे धोके नोंदवले, त्यांत ऐकू कमी येणे आणि माणसांपासून तुटणे हे दोन्ही आहेत. एक सूचना: श्रवणयंत्र लावल्यावर सुरुवातीला भांड्यांचा खडखडाटही असह्य वाटतो. त्या वेळी ते कपाटात न ठेवता पुन्हा जुळवून घ्यावे.

पायरी:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. कान तपासाच, पण खुर्चीतून उठताना ते हातांचा आधार घेतात का, तेही पाहा. मांड्यांचे स्नायू क्षीण झाले की पडण्याची धास्ती वाटू लागते, त्या धास्तीने चालणे कमी होते आणि न चालल्याने स्नायू आणखी झिजतात. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमांबरोबरच तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सुचवते. आपल्याकडे मात्र फिरणे म्हणजेच व्यायाम असे समजले जाते. ओट्याला धरून टाचा उचलणे आणि खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, इतक्याने सुरुवात होईल. रात्री केवळ मऊ भात आणि पातळ वरण घेत असतील, तर प्रथिने अपुरी पडू शकतात. बी-१२ जीवनसत्त्व सुद्धा तपासून घ्या, विशेषतः ते शाकाहारी असतील तर.

जुना मास्तर:
मी स्वतः ७९ वर्षांचा आहे, म्हणून थोडे परखड लिहितो. वरील दोन्ही सल्ले योग्यच आहेत, परंतु तुमच्या पत्रात मला अधिक खटकले ते 'सर्व आम्हीच करतो' हे वाक्य. ज्याने शाळा चालवली, त्याच्या हातून तुम्ही भाजीची पिशवीही काढून घेतली, आणि ती प्रेमाने काढून घेतल्यामुळे त्याला तक्रारही करता येत नाही. वीजबिल त्यांना भरू द्या, चुकले तर चुकू द्या. शिवाय त्यांचे सोबती सांगलीत आहेत. पुण्याच्या कट्ट्यावर कोणी त्यांना 'सर' म्हणून ओळखत नाही. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एस.टी.चा राज्यांतर्गत प्रवास मोफत आहे. महिन्यातून चार दिवस त्यांना तिकडे जाऊ द्या.

शेवंती:
सर्वांचे आभार. शुक्रवारी ऑडिओमेट्री ठरवली आहे. खुर्चीचे पाहिले, ते दोन्ही हात टेकूनच उठतात. मास्तरांचे लिहिणे वाचून मला थोडे वाईट वाटले, परंतु काल सांगलीचा विषय काढला तेव्हा स्वारगेटहून पहिली गाडी किती वाजता सुटते, असे बाबांनी स्वतःहून विचारले. उत्तर मात्र मला कागदावर लिहून दाखवावे लागले.