कॉमन लिस्प: तक्त्यावरून फंक्शनं आपोआप बनवली, पण सगळी एकच उत्तर देतात

प्रश्न · गुंठेवारी

जमिनीच्या मापांची अदलाबदल करणारी फंक्शनं हाताने न लिहिता एका तक्त्यावरून तयार करायची आहेत. एसबीसीएल (कॉमन लिस्पचा एक कंपायलर) वापरतो. लिस्पचे मूळ शब्द इथे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिलेत, प्रत्यक्षात ते रोमनमध्येच आहेत. एककांची नावं मात्र खरोखरच देवनागरीत आहेत.

```
(डेफपॅरामीटर *एकके*
  '((चौफूट 1)
    (गुंठा 1089)
    (आर 10000000000/9290304)
    (एकर 43560)
    (हेक्टर 1000000000000/9290304)))

(लूप फॉर (अ म1) इन *एकके* डू
  (लूप फॉर (ब म2) इन *एकके*
    अनलेस (ईक्यू अ ब) डू
    (सेटएफ (सिंबल-फंक्शन
             (इंटर्न (कॉन्कॅटनेट 'स्ट्रिंग
                       (सिंबल-नेम अ) "->" (सिंबल-नेम ब))))
           (लॅम्डा (क्ष) (* क्ष (/ म1 म2))))))
```

पाच एककांची वीस फंक्शनं तयार होतात, नावंही बरोबर येतात. पण `(हेक्टर->गुंठा 1)` विचारलं तर 1, `(एकर->चौफूट 5)` विचारलं तर 5. दिलेला आकडाच परत येतो. शिवाय फाइल कंपाइल करताना प्रत्येक नावासाठी ‘फंक्शन अस्तित्वात नाही’ असा इशारा मिळतो तो वेगळाच.

उत्तर · कंसमोचक

`लूप` प्रत्येक फेरीला नवं चल बांधत नाही, त्याच चलात पुढची किंमत भरतो. तुमचा लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) `म1`ची त्या क्षणाची किंमत उचलत नाही, चलच धरून ठेवतो. फेऱ्या संपल्यावर `म1` आणि `म2` दोन्हींत तक्त्यातली शेवटची नोंद, म्हणजे हेक्टर, उरते. हेक्टर भागिले हेक्टर एक, म्हणून आकडा जसाच्या तसा. शेवटची नोंद `अनलेस`ने गाळली गेली तरी चलात ती भरलेली असतेच, हे लक्षात घ्या.

दुरुस्ती एका ओळीची. लॅम्डाच्या बाहेर नवं बंधन घाला:

```
(लेट ((गुणक (/ म1 म2)))
  (लॅम्डा (क्ष) (* क्ष गुणक)))
```

भागाकारही एकदाच होतो. `लूप`ऐवजी `डोलिस्ट` घेऊन सुटका होईल असं समजू नका. दर फेरीला नवं बंधन करायचं की नाही, हे कॉमन लिस्पच्या मानकाने प्रत्येक अंमलबजावणीवर सोडलंय. एका लिस्पवर चालेल, दुसऱ्यावर हाच घोळ.

गुणक अपूर्णांकात ठेवलेत ते उत्तम. दशांशात, समजा `101.17` असं, लिहिलं असतं तर ते एकेरी अचूकतेचं झालं असतं, म्हणजे सातेक अंकांनंतर भरवसा नाही. दाखवताना तेवढं `(कोअर्स उत्तर 'डबल-फ्लोट)` करा. एक हेक्टर म्हणजे 2.4710538 एकर यायला हवं.

उत्तर · मागचीखूण

वरची दुरुस्ती बरोबर, पण इशारा तसाच राहील. `सेटएफ सिंबल-फंक्शन` फाइल लोड होताना चालतं, कंपाइलरला त्या नावांचा पत्ताच नसतो. मजकूर कंपाइलरच्या हाती द्यायचा तर मॅक्रो (कंपाइल होतानाच कोड तयार करून देणारा) हवा:

```
(इव्हॅल-व्हेन (:कंपाइल-टॉपलेव्हल
             :लोड-टॉपलेव्हल :एक्झिक्यूट)
  (डेफपॅरामीटर *एकके* '( ...वरचाच तक्ता... )))

(डेफमॅक्रो एकके-बांधा ()
  `(प्रॉग्न
     ,@(लूप फॉर (अ म1) इन *एकके* अपेंड
         (लूप फॉर (ब म2) इन *एकके*
           अनलेस (ईक्यू अ ब) कलेक्ट
           `(डेफन ,(इंटर्न
                     (कॉन्कॅटनेट 'स्ट्रिंग
                       (सिंबल-नेम अ) "->" (सिंबल-नेम ब))
                     (सिंबल-पॅकेज अ))
                (क्ष)
              (* क्ष ,(/ म1 म2)))))))

(एकके-बांधा)
```

`इव्हॅल-व्हेन` विसरलात तर आरईपीएलमध्ये (ओळ टंकली की लगेच उत्तर देणारी लिस्पची खिडकी) सगळं सुरळीत चालेल आणि `कंपाइल-फाइल`मध्ये `*एकके*`ला किंमत नाही म्हणून अडेल. कारण कंपाइल करताना `डेफपॅरामीटर`ची किंमत काढली जात नाही, फक्त ते चल विशेष असल्याची नोंद होते. मॅक्रो मात्र त्याच वेळी उलगडतो. तक्ता वेगळ्या फाइलीत ठेवून एएसडीएफमध्ये (फाइली कोणत्या क्रमाने लोड करायच्या ते सांभाळणारं साधन) ती आधी लावली तरी चालतं, मला तेच जास्त स्वच्छ वाटतं.

`प्रॉग्न`च्या जागी `लेट` गुंडाळू नका. `प्रॉग्न`मधले `डेफन` वरच्या पातळीचेच समजले जातात, `लेट`मधले नाहीत, आणि मग इशारे परत येतात. `इंटर्न`ला दुसरा आर्ग्युमेंट मुद्दाम दिलाय; तो नसेल तर त्या वेळी जे पॅकेज चालू असेल त्यात नाव जातं.

तपासायला `(पीप्रिंट (मॅक्रोएक्स्पांड-1 '(एकके-बांधा)))`. वीस `डेफन` डोळ्यांनी दिसले की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. तक्ता बदललात तर `(एकके-बांधा)` पुन्हा कंपाइल करा, नुसता तक्ता पुन्हा चालवून जुनी फंक्शनं बदलत नाहीत.

प्रश्नकर्ता · गुंठेवारी

मॅक्रो चालला, इशारेही गेले. दोन शंका. रोमन लहान अक्षरांत एककाचं नाव स्ट्रिंग म्हणून `इंटर्न`ला दिलं तर फंक्शन बनतं, पण हाक मारल्यावर सापडत नाही. देवनागरी नावांना असं काही होत नाही. आणि `सातबाऱ्यातून-गुंठे` हे फंक्शन मी लिहिलं की चालतं, सहकाऱ्याने तेच नाव टंकलं की ‘नाही’ म्हणतं.

उत्तर · कंसमोचक

पहिलं सोपं आहे. रीडर (लिहिलेला कोड वाचणारा लिस्पचा भाग) रोमन नाव मोठ्या अक्षरांत करून घेतो, `इंटर्न` स्ट्रिंगला हात लावत नाही. आधी `स्ट्रिंग-अपकेस` करा. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसल्यामुळे तिथे हा दोष झाकून राहतो.

दुसरं जास्त छळणारं. ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकला जातो: नुक्त्याचा ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच. खात्री करायला:

```
(मॅप 'लिस्ट #'चार-कोड (सिंबल-नेम 'सातबाऱ्यातून-गुंठे))
```

एकाकडे 2353, 2381 दिसेल, दुसऱ्याकडे 2352, 2381, 8205. एसबीसीएलचा रीडर नावांचं युनिकोड सामान्यीकरण करतो, पण त्याने 8205 जात नाही, म्हणून ती दोन वेगळी नावं ठरतात. आणखी एक: र आणि नुक्ता सुटे (2352, 2364) टंकले तर रीडर ते जोडून 2353 करतो, पण `इंटर्न`ला दिलेली स्ट्रिंग तशीच राहते. त्यामुळे नावं स्ट्रिंगांतून न बनवता, तुमच्या तक्त्यात आहेत तशी, रीडरमधून आलेल्या सिंबलांवरूनच बनवा. 8205 मात्र संपादकातच शोधून काढावा लागेल.

उत्तर · दोनकंस

वीस फंक्शनं लागतातच का? `(बदला 5 'हेक्टर 'एकर)` असं एकच फंक्शन तक्त्यात दोनदा बघेल आणि काम होईल. एककं दहा झाली की तुमची फंक्शनं नव्वद होतात. नावं ठरलेली असतील आणि चुकीचं नाव कंपाइल करतानाच पकडलं जावं असं वाटत असेल तर मॅक्रो योग्य. पण तक्ता प्रोग्राम चालू असताना फाइलीतून वाचायचा असेल तर मॅक्रोचा उपयोग नाही, तो केव्हाच उलगडून झालेला असतो. तिथे `लेट`वाला लॅम्डाच बरा, आणि त्यासाठी `इव्हॅल` मुळीच लागत नाही; तो लॅम्डा आधीच कंपाइल झालेला असतो.

आर आणि गुंठा वेगळे ठेवलेत हे चांगलं केलंत. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि लोक सर्रास एक आर म्हणजे एक गुंठा धरतात. `(आर->गुंठा 1)` 0.988 च्या आसपास येतं.