गेटसमोरचा सिग्नल: काढायचा की ठेवायचा?

(सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

मंदार (सी-५०२): काल संध्याकाळी गेटमधून बाहेर पडायला ११ मिनिटं लागली. अकरा! सिग्नल लाल, रांग आपल्या गेटच्या मागे पार देवळापर्यंत, आणि कोणी एक फूट जागा सोडेल तर शपथ. सिग्नल नव्हता तेव्हा दोन मिनिटांत रस्त्याला लागायचो.

सुषमा वहिनी (ए-१०१): मंदार भावजी, तुम्ही लागायचात. आम्ही भाजीची पिशवी घेऊन रस्त्याच्या अलीकडेच उभ्या असायचो.

मंदार: म्हणून तर म्हणतोय वहिनी, सिग्नल काढा आणि तिथे झेब्रा क्रॉसिंग द्या. माणूस आला की गाडी थांबेल, माणूस नसेल तर गाडी जाईल. रिकाम्या चौकात ९० सेकंद लाल दिव्याकडे बघत बसायचं कशाला? अर्ज लिहून ठेवलाय. महापालिका आणि वाहतूक शाखा, दोन्हीकडे एक एक प्रत. प्रत्येक फ्लॅटची एक सही हवी.

देशपांडे काकू (बी-२०१): सर्वांना शुभ सकाळ 🙏 सूर्य उगवतो रोज नव्याने

कुलकर्णी सेक्रेटरी: काकू, विषय चालू आहे.

देशपांडे काकू: माझं चुकून गेलं. सही मी करते.

रूपाली (सी-१०२): मी सही करणार नाही. मंदारदादा, सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर वाहनचालकाने वेग कमी करायचा, थांबायचं आणि पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत स्पष्ट लिहिलंय. कायदा आहेच. आपल्या शाळेसमोर झेब्रा आहे ना? शेवटची गाडी कधी थांबलेली पाहिलीत?

मंदार: तिथे झेब्रा दिसतच नाही. त्यावर रिक्षा स्टँड आहे.

रूपाली: तेच म्हणतेय.

अमेय (ए-२०३, सध्या ब्रिस्टल, इंग्लंड): इथे सकाळचे सहा वाजलेत, पण विषय बघून राहवलं नाही. आमच्यापासून पंधरा-वीस किलोमीटरवर पोर्टिसहेड नावाचं छोटं गाव आहे. २००९ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या मुख्य चौकातले सिग्नल चार आठवडे प्रयोग म्हणून बंद केले होते. लोकांना वाटलं गोंधळ होणार. झालं उलटं. गाड्यांचा वेळ निम्म्याहून खाली आला, अपघात वाढले नाहीत. मग दिवे परत लावलेच नाहीत.

मंदार: 👏👏 घ्या! मी काय म्हणत होतो?

अमेय: थांब रे, पुढचं ऐक. नवीन आलो होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात झेब्राच्या काठाशी उभा होतो. गाडी आली आणि थांबली. मला वाटलं बिघडली. मी हाताने खुणावलं, जा. आतली बाई मला हाताने खुणावते, तुम्ही जा. मी पुन्हा, तुम्ही जा. तीन वेळा. मागे चार गाड्या उभ्या, एकानेही हॉर्न वाजवला नाही. शेवटी मी पळत पलीकडे गेलो, जसा आपण कर्वे रोडवर पळतो तसा. बाई हसत होती.

सुषमा वहिनी: 😂

अमेय: मुद्दा हा की इथे झेब्रा म्हणजे नुसते पट्टे नाहीत. दोन्ही काठांना काळ्या-पांढऱ्या खांबावर पिवळा गोळा लुकलुकतो. हे गोळे १९३४ पासूनचे, पट्टे १९५१ साली आले. शिवाय क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना रस्त्यावर नागमोडी पांढऱ्या रेषा असतात, त्यावर गाडी लावायची नाही आणि तिथे ओव्हरटेकही करायचं नाही. म्हणजे उभ्या गाडीच्या आडून पोर अचानक रस्त्यात येत नाही. आणि २०२२ पासून नियम आणखी पुढे गेलाय: पाऊल टाकलं नसेल, नुसतं काठाशी उभं असेल तरी गाडीने थांबणं अपेक्षित आहे.

मंदार: मग आपणही तेच मागू. गोळा, रेषा, सगळं.

नेने काका (बी-३०४): अर्ज वाचला. मंदार, एवढ्यात पाठवू नकोस. पीडब्ल्यूडीत तीस वर्षं काढली आहेत, टेबलावर असे अर्ज किती आले त्याची मोजदाद नाही. "सिग्नलमुळे ट्रॅफिक होतं" एवढंच लिहिलंस तर फाईल बंद. आकडे दे.

नेने काका: गुरुवारी संध्याकाळी ६ ते ७ मी आणि ओंकार बाल्कनीत बसलो. ओंकार माणसं मोजत होता, मी वाहनं. दोन्ही बाजू मिळून वाहनं १३४०. पायी ओलांडणारे १६२. (ओंकारने एक कुत्रा पण मोजला होता, तो वजा केला.)

नेने काका: आता हिशोब. क्रॉसिंगची गरज आहे का हे ठरवायला इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) आयआरसी १०३ या मानकात एक सूत्र आहे. माणसांचा आकडा गुणिले वाहनांच्या आकड्याचा वर्ग. दुभाजक असलेल्या रस्त्याला उत्तर २० कोटींच्या वर जायला हवं, नसेल तर १० कोटी पुरतात. १३४० चा वर्ग सुमारे १८ लाख. गुणिले १६२. उत्तर २९ कोटी. आपल्या रस्त्याला दुभाजक आहे, तरी २० च्या वर. म्हणजे क्रॉसिंग हवं याचा पुरावा हातात आहे.

मंदार: काका!!! 🙌

नेने काका: नाचू नकोस. यातून क्रॉसिंग हवं एवढंच कळतं. तिथे दिवा हवा की नुसते पट्टे, ते वेगळं. आणि एका तासाचं मोजमाप चालत नाही, सर्वात गर्दीच्या चार तासांची सरासरी लागते.

ओंकारची आई (बी-३०४): बाबा, त्याचा गृहपाठ राहिला त्या दिवशी.

नेने काका: गणिताचाच होता.

मंदार: काका, मग सिग्नल ठेवा म्हणताय का?

नेने काका: सांगतो. एका लेनमधून सलग हिरवा असेल तर तासाला साधारण १८०० मोटारी निघतात. हिरवा अर्धाच वेळ मिळाला की ९००. आणि दर वेळी दिवा बदलताना तीन-चार सेकंद कोणाच्याच उपयोगाचे राहत नाहीत. आपल्या चौकात गल्लीतून हिरव्यावर फार तर चार स्कूटर निघतात, तरी तिला २५ सेकंद देऊन ठेवलेत. मुख्य रस्ता तेवढा वेळ उभा. इथपर्यंत मंदार बरोबर आहे.

नेने काका: पण शाळा सुटते तेव्हा बघ. साडेबारा ते एक. मुलं एका घोळक्यात येत नाहीत, थेंबथेंब येतात. प्रत्येक थेंबाला गाडी थांबली तर रस्ता तासभर उभाच. सिग्नल तेच थेंब गोळा करतो आणि एकदम सोडतो. गर्दीच्या वेळी पट्ट्यापेक्षा दिवा जास्त गाड्या काढतो, हे कोणाला पटत नाही पण आहे तसंच.

रूपाली: आणि २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर ३२,८२५ पादचारी मेले. सरकारचा आकडा आहे. एकूण मृत्यू १,६८,४९१, म्हणजे साधारण दर पाचातला एक पायी चालणारा. "लोक आपोआप थांबतील" यावर मी सही करत नाही.

अमेय: मला पटतंय. पण नेदरलँड्समध्ये हान्स मोंडरमन नावाचे वाहतूक इंजिनिअर होते, २००८ साली गेले. त्यांनी ड्राख्टन गावात मोठ्या चौकातले दिवे काढून गोल चौक केला. पत्रकार आले की ते बोलता बोलता उलटे चालत रस्त्यात जायचे, मागे न बघता. गाड्या आपोआप वळसा घालून जायच्या. त्यांचं म्हणणं असं की दिवा काढला की माणूस समोरच्याकडे बघतो.

सुषमा वहिनी: आपल्याकडे उलटं चालत गेलं तर थेट ससूनला पोचतील.

कुलकर्णी सेक्रेटरी: कोटा शहरात पण सिग्नल नाहीत असं वाचलंय.

नेने काका: तिथे पूल आणि भुयारी मार्ग बांधलेत, म्हणून नाहीत. आपल्या प्रभागाच्या बजेटमध्ये गटाराचं झाकण बसत नाही.

मंदार: भूतानची राजधानी थिंफू. एकही सिग्नल नाही. एकदा बसवला होता, लोकांना तो रुक्ष वाटला म्हणून काढला. चौकात पोलीस हातवारे करतो.

रूपाली: आपल्या चौकातला मामा सावलीत उभा असतो.

(हा मेसेज डिलीट केला आहे)

दिलीप जोशी (ए-००२): नमस्कार. फोन मला मेसेज वाचून दाखवतो, त्याच्यावरून मी हा सगळा संवाद ऐकला, म्हणून उशीर झाला. मला दिसत नाही हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, तरी एक गोष्ट बहुतेक माहीत नसेल. मी रोज सातला दूध आणायला पलीकडे जातो. कसा जातो? हिरवा मला दिसत नाही. मी ऐकतो. माझ्या शेजारून, समांतर जाणाऱ्या गाड्या एकदम सुटतात, तो आवाज आला की समजतं, समोरच्या थांबल्या. मग निघतो. अमेय म्हणतो की माणूस समोरच्याकडे बघतो. मी कोणाच्या डोळ्यांत बघू? आणि झेब्रावर गाडी माझ्यासाठी थांबली हे मला कळणार कसं? इलेक्ट्रिक स्कूटर तर थांबलेली काय, चाललेली पण ऐकू येत नाही.

(काही मिनिटं ग्रुपवर काहीच नाही)

अमेय: दिलीपकाका, तुमचं बरोबर आहे. मी अर्धंच सांगितलं. इथे पॉइंटन नावाच्या गावात दिवे, फूटपाथच्या कडा, सगळं काढून एकसपाट चौक केला. दिवसाला २५ हजारांवर गाड्या, रांगा कमी झाल्या म्हणून जगभर गाजला. पण अशा चौकांना अंध लोकांच्या संघटनांनी सातत्याने विरोध केला. नेमकी हीच तक्रार. २०१८ मध्ये सरकारने असे एकसपाट नवीन प्रकल्प थांबवायला सांगितलं.

मंदार: काका, खरंच हे डोक्यात नव्हतं. सॉरी.

दिलीप जोशी: अरे सॉरी कशाला. मला सिग्नल आवडतो असंही नाही. रात्री अकरानंतर तो पिवळा लुकलुकतो ना, तेव्हा मी बाहेर पडतच नाही.

नेने काका: आता माझं ऐका. अर्ज पुन्हा लिहायचा. सिग्नल काढा असं म्हणायचं नाही. चार मागण्या:

नेने काका: गल्लीचा हिरवा २५ वरून १२ करा, तिथे तेवढीच वाहनं आहेत. उरलेले सेकंद पायी माणसांना. आपला रस्ता फूटपाथ ते फूटपाथ १८ मीटर. हिशोबात सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे १५ सेकंद. सुषमाच्या सासूबाईंना मी घड्याळ लावून बघितलं, ३१ सेकंद.

सुषमा वहिनी: काका, त्यांना सांगू नका. रागावतील.

नेने काका: दुसरं, दुभाजकात थांबायला जागा. मग १८ मीटर एकदम नाही, ९ आणि ९. तिसरं, दिलीपसाठी बीप वाजणारा दिवा. चौथं मंदारसाठी. देवळाजवळ, जिथे दिवा नाही आणि लोक तरी ओलांडतात, तिथे झेब्रा. पण उंच केलेला, फूटपाथच्या पातळीला, टेबल टॉप. त्यावर गाडी वेगात येऊच शकत नाही. ३० च्या वेगात धडक बसली तर बहुतेक माणूस वाचतो, ५०-६० ला ती खात्री नाही. पट्टे रंगवण्यात अर्थ नाही, रंग दोन पावसाळ्यांत जातो. उंचवटा जात नाही.

रूपाली: यावर मी सही करते. आणि "क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना रिक्षा-टेम्पो उभे राहू नयेत" हे पाचवं घाला.

मंदार: आणि गेटसमोर पिवळ्या रेषांची चौकट. आत कोणी थांबायचं नाही. मग मी बाहेर पडेन.

नेने काका: घाल. तुझा मूळ प्रश्न तोच होता, सिग्नल नव्हता.

मंदार: 🙂 असं म्हणता येईल.

देशपांडे काकू: मी सही केली होती ना, ती आता कशावर आहे?

कुलकर्णी सेक्रेटरी: काकू, नवीन अर्जावर परत करायची.

नेने काका: आधी मोजणी. बुधवार, चार तास, प्रत्येक तासाला दोघं. ८ ते ९, १२:३० ते १:३०, ५ ते ६ आणि ६ ते ७. एक माणसं मोजणार, एक वाहनं. बाल्कनी माझी, चहा माझा.

रूपाली: ८ ते ९ मी. कोर्टात साडेदहाला जायचंय.

मंदार: दुपारची मी घेतो, घरूनच काम आहे. कोणीतरी सोबत हवं.

सुषमा वहिनी: मी येते. सासूबाईंना पण आणते, त्या बरोबर मोजतात.

ओंकारची आई: ५ ते ६ मी आणि ओंकार, पण गृहपाठ आधी.

दिलीप जोशी: मी पण येतो. हॉर्न मोजतो. कोणीच मोजत नाही.

नेने काका: उत्तम. ६ ते ७ कोण?

देशपांडे काकू: मी आले असते, पण ७ ला मालिका असते. ६:५५ पर्यंत चालेल का?